एका पट्टीतील अनेक नाद

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्हीही चार शब्द लिहावेत, अशी विश्वस्त मंडळींची इच्छा दिसली, तेव्हा आम्हांस क्षणभर संकोच वाटला. आम्ही गवई नव्हे, वादकही नव्हे. मुलांना शास्त्र शिकविणारे एक साधे शिक्षक. परंतु काही वर्षांपूर्वी आपल्या ट्रस्टने मुलांच्या संगीतवर्गासाठी एक सिंथेसायझर घेतला, आणि दुसरे कोणी पुढे न आल्यामुळे तो सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले. त्या वाद्याने आम्हांला जे शिकविले ते सभासद बंधुभगिनींपुढे आणि त्यांच्या मुलांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ज्यांच्या घरी असे वाद्य आहे त्यांनी लेख शेजारी ठेवून प्रयोग करून पाहावेत. ज्यांच्या घरी नाही त्यांना निदान लग्नाच्या मांडवात किंवा उरुसातील कव्वालीत काय ऐकावयाचे, याची थोडी दिशा मिळेल.

आरंभ आमच्या फजितीपासून

पहिल्याच वर्षीची गोष्ट. वर्गातील मुलांनी शोधून काढले की, या वाद्यावर दोन बटणे एकदम दाबली तर एका पट्टीतून दोन आवाज येतात. मग तीन, मग चार. व्हायोलिनांचा ताफा, त्यावर ऑर्गन, त्यावर घंटा आणि त्यावर माणसांच्या समूहाचा ‘आ’कार. खोलीत ऐकताना आम्हांलाच तो प्रकार इतका भव्य वाटला की, स्नेहसंमेलनात हाच ठेवा, असे आम्ही मुलांना सांगून टाकले.

संमेलनात औराद तालुक्यातील एका खेड्याची सातवीतील मुलगी गाणार होती. तिची आई एक दिवसाची मजुरी सोडून आली होती आणि दुसऱ्या रांगेत बसली होती. गाणे झाले, टाळ्याही झाल्या. मांडव रिकामा होत असता ती बाई आमच्याजवळ आली आणि म्हणाली, “सर, पोरगी गायली का? तोंड हलताना दिसलं, आवाज काही आला नाही.”

त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोष वाद्याचा नव्हता, वाजविणाऱ्या मुलांचाही नव्हता. आवाजांची भर घातली म्हणजे संगीत मोठे होते, ही समजूत आमची होती. त्या रात्रीपासून आम्ही हा विषय पाठ्यपुस्तकासारखा पहिल्या धड्यापासून अभ्यासावयास घेतला.

१. नादाची तीन लक्षणे

शाळेतील पुस्तकांत नादाची तीन लक्षणे सांगितलेली असतात: उंची, लहानमोठेपणा आणि जाती. उंची म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने. लहानमोठेपणा म्हणजे त्या कंपनांचा जोर. जाती म्हणजे ज्यामुळे डोळे मिटूनही आपण सनई आणि बासरी निरनिराळ्या ओळखतो ते लक्षण. सिंथेसायझर हे वाद्य मुख्यतः या तिसऱ्या लक्षणाचे आहे.

जाती कशाने ठरते? तार छेडली की ती सगळी मिळून कंप पावते, पण त्याच वेळी तिचे अर्धे, तिसरे, चौथे भागही आपापल्या परीने कंप पावत असतात. मूळ कंपने १०० असतील तर त्यांबरोबर २००, ३००, ४०० अशीही कंपने मिसळलेली असतात. यांना आपल्याकडे सहायक नाद म्हणतात. त्यांतील कोणता किती जोराचा, यावर नादाची जाती बहुतांशी अवलंबून असते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गोष्टीचा विस्ताराने उलगडा केला. आपल्याकडे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास आपल्याच वाद्यांकडे लक्ष वळविले. मृदंग-तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे त्या चामड्याचे सहायक नाद सुरेल प्रमाणात कसे बसतात, आणि तंबोऱ्याच्या घोडीच्या रुंद पृष्ठामुळे त्याचे सहायक नाद इतके भरघोस का होतात, याचा त्यांनी अभ्यास केला. ज्याला आपले कारागीर ‘जवारी काढणे’ म्हणतात, त्यामागे शास्त्र आहे हे तेव्हा जगाला कळले.

२. हे वाद्य आले कोठून

तंबोरा करणारा भोपळा निवडतो, लाकूड निवडतो आणि घोडी घासतो. सिंथेसायझरमध्ये हीच कामे विजेच्या मंडलांकडून, आणि आता बहुतेक ठिकाणी गणित करणाऱ्या चकत्यांकडून, करून घेतात. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली असे वाद्य प्रथम पुढे आणले. ते कपाटाएवढे होते. १९७० मध्ये त्यांचे ‘मिनीमूग’ हे टेबलावर मावणारे वाद्य निघाले. त्यातून एका वेळी एकच स्वर निघत असे.

आपल्या देशाचा या वाद्याशी संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ साली मूग यांचे वाद्य आले. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते तेथे बसवून दिले, आणि तेथील मंडळींनी पुढील तीन वर्षे त्यावर प्रयोग केले. मुंबईत केरसी लॉर्ड यांनी हे वाद्य हिंदी चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात नेले. मुंबईचेच चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. ती त्या काळी फारशी खपली नाही. परंतु २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या जाणकारांनी तिचे कौतुक केले. त्या मुद्रिकेची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका यंत्रावर ताल, दुसऱ्यावर खर्जाची चाल आणि तिसऱ्यावर राग. आम्ही चार थर एकाच पट्टीत कोंबले होते. त्यांनी सारा राग तीन थरांत मांडला आणि प्रत्येक थर स्वतंत्र ऐकू येतो.

३. नाद घडविण्याचा कच्चा माल

सिंथेसायझरमध्ये नादाचा आरंभ लहरीपासून होतो. मुख्य लहरी चार, आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा.

साइन लहर: हिच्यात एकही सहायक नाद नसतो. नादकाट्याच्या आवाजासारखी स्वच्छ, पण कोरडी.

त्रिकोणी लहर: पहिला, तिसरा, पाचवा असे विषम सहायक नाद असतात, पण ते फार लवकर क्षीण होतात. म्हणून आवाज मऊ, बासरीच्या जवळचा.

चौकोनी लहर: हिच्यातही विषमच नाद, पण अधिक जोरकस. आवाज पोकळ नळीसारखा, क्लॅरिओनेटची आठवण देणारा.

करवती लहर: हिचा आकार करवतीच्या दात्यांसारखा. हिच्यात सम-विषम सगळेच सहायक नाद असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्या जोराचा, तिसरा तिसऱ्या हिश्शाचा, असा हा क्रम चालतो. आवाज भरदार आणि किंचित कर्कश. सनई, व्हायोलिन, पेटी यांच्याकडे जावयाचे असल्यास येथून निघावे.

करवती लहर घेतली की पुढचे साधन गाळणी. स्वयंपाकघरातील गाळणी जाड भाग अडविते. ही गाळणी बहुधा उंच सहायक नाद अडविते आणि खालचे जाऊ देते. तिचे बटण बंद करीत नेले की तोच आवाज उजेडातून सावलीत गेल्यासारखा मंद होतो. मुलांना आम्ही एक खेळ सांगतो: तोंडाने ‘ई’ म्हणत म्हणत हळूहळू ‘ऊ’ म्हणा. ओठांनी जे केले तेच येथे बटण करते.

४. नादाचे आयुष्य

सहायक नाद ओळखले म्हणजे सगळे झाले, असे मात्र नाही. ध्वनिमुद्रणातून सतारीच्या टणत्काराचा पहिला क्षण कापून टाकला तर ती सतार आहे हे चटकन ओळखू येत नाही. नाद जन्मतो कसा आणि मरतो कसा, यातही त्याची ओळख असते. सिंथेसायझरमध्ये या आयुष्याचे चार टप्पे मानतात. पहिला चढ, म्हणजे पट्टी दाबल्यापासून पूर्ण जोर येईपर्यंतचा काळ. दुसरा उतार, म्हणजे पहिला जोर ओसरण्याचा काळ. तिसरा टिकाव, म्हणजे पट्टी दाबून ठेवली असता राहणारी पातळी. चौथा विराम, म्हणजे पट्टी सोडल्यावर विरण्याचा काळ.

तबल्याला चढ जवळजवळ शून्य, उतार थोडा आणि टिकाव शून्य. सतारीला चढ शून्य, उतार लांब, टिकाव शून्य. सनईला थोडा चढ, आणि फुंक असेपर्यंत पूर्ण टिकाव. दूरच्या मशिदीतून किंवा देवळातून विरत जाणारा आवाज आठवा. त्याला विराम लांब. वर्गात आम्ही मुलांना आधी वाद्याला हात लावू देत नाही. भांडे वाजवा, पेला वाजवा, दार लोटा आणि त्या प्रत्येक आवाजाचे चार टप्पे पाटीवर रेघेने काढा, असे सांगतो. ज्याला रेघ काढता आली त्याला बटण फिरविता येते.

५. थर ही कल्पना नवी नव्हे

एका पट्टीत दोन आवाज ही काही विलायती जादू नव्हे. आपली हार्मोनियम पाहा. चांगल्या पेटीत पितळी रीडांचे दोन संच असतात. एक पट्टी दाबली की मधल्या सप्तकाचा स्वर आणि त्याखालच्या सप्तकाचा खर्ज असे दोन्ही एकदम बोलतात. दोहोंत केसाएवढा फरक ठेवला तर आवाजात लाटा उठतात. एक रीड ४४० कंपनांचा आणि दुसरा ४४१ चा असेल तर दर सेकंदाला एक लाट येते. सिंथेसायझरवर दोन लहरी किंचित उतरवून-चढवून जो भरदारपणा आणतात त्याचे मूळ हेच. नागपूरचे पंडित मनोहर चिमोटे यांनी तर हार्मोनियमला स्वरमंडळाच्या तारांची जोड दिली आणि त्या वाद्याला ‘संवादिनी’ हे नाव दिले. पट्टीच्या सुराभोवती तारांची आस, हा थरच होय.

आमच्या लहानपणी गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाज यांच्या उरुसात ऐकलेली कव्वालीही थरांचीच होती. एक मुख्य गळा, मागे साथीदारांचे गळे, पेटी, ढोलक आणि टाळ्या. पण मुख्य गवय्या शेर म्हणू लागला की बाकीचे आपोआप खाली येत, आणि ओळ पुरी झाली की उसळून वर येत. ही समजूत त्या अशिक्षित म्हणविणाऱ्या मंडळींना होती. आम्हां पदवीधरांना ती संमेलनाच्या दिवशी नव्हती.

यंत्रे बनविणाऱ्यांनीही थरांचा हिशेब फार पूर्वी ओळखला. १९८१ साली निघालेल्या रोलँडच्या ‘जुपिटर-८’ या वाद्यातून एका वेळी आठ स्वर निघत. दोन थर लावले की ते चारच उरत. थराला किंमत द्यावी लागते ती अशी. १९८७ च्या ‘डी-५०’ या वाद्यात तर नादाचा पहिला क्षण खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणातून घेत आणि पुढचा लांबणारा भाग यंत्राने घडवीत, कारण त्या काळी यंत्रातील स्मृती महाग होती. जन्म एकाचा आणि आयुष्य दुसऱ्याचे, असे ते थर. कानाला मात्र ते एकच वाद्य वाटे.

६. थर रचण्याचे नियम

आता आमच्या फजितीचे कारण सांगतो. कान एका वेळी सगळे ऐकत नाही. जवळजवळच्या उंचीचे दोन आवाज झाले तर मोठा आवाज लहानाला झाकून टाकतो. त्यातही खालचा जोरकस आवाज आपल्याहून वरच्या आवाजाला अधिक झाकतो. सारख्या जोराचे चार निराळे आवाज एकत्र केले की एकूण पातळी सुमारे ६ डेसिबेलने वाढते. मुलीचा गळा मात्र होता तेवढाच राहतो. आमचे चारही थर तिच्याच सप्तकात आणि पूर्ण जोराने होते. तिच्या आवाजाला बसावयास जागाच आम्ही ठेवली नव्हती. यावरून जे नियम आम्ही मुलांच्या वहीत उतरविले ते येणेप्रमाणे:

पहिला: एक नाद पुरता घडल्याशिवाय दुसरा घेऊ नये. एकटा बेसूर लागणारा नाद गर्दीत सुरेल होत नाही.

दुसरा: प्रत्येक थराला एकच काम द्यावे. एक बुडाचा आधार, एक मुख्य अंग आणि एक टोक, म्हणजे आरंभीचा लखलखीतपणा. ज्या थराचे काम सांगता येत नाही तो काढून टाकावा.

तिसरा: थरांची सप्तके वेगळी ठेवावीत. सप्तक तेच ठेवणे भाग असेल तर एकाची गाळणी बंद करून त्याला सावलीत बसवावे.

चौथा: आयुष्ये वेगळी ठेवावीत. टोकाचा थर लगेच जन्मून लगेच विरावा आणि आधाराचा थर सावकाश यावा. सगळेच एकदम आले तर ठोसा बसतो, नाद घडत नाही.

पाचवा: पातळ्या सारख्या ठेवू नयेत. बहुतेक वाद्यांवर ० ते १२७ अशी मोजपट्टी असते. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून ‘मिडी’ ही सांकेतिक पद्धत ठरली, तिच्यातील ही मोजणी आहे. मुख्य थर ८०-९० वर असेल तर बाकीचे ३०-४५ वर पुरेत.

सहावा: थर लावल्यावर एकेक बंद करून पाहावा. बंद केल्यावर फरक जाणवला नाही तर तो थर व्यर्थ समजावा.

७. गंधाराची एक अडचण

तंबोरा आणि सिंथेसायझर एकत्र लावणाऱ्यांना एक खटक जाणवते, तिचे कारण येथे सांगणे योग्य होईल. कळफलकाच्या वाद्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा. या हिशेबाने शुद्ध गंधार सा-पासून ४०० सेंटवर येतो. परंतु तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा पाचवा सहायक नाद, म्हणजेच स्वयंभू गंधार, ३८६ सेंटवर असतो. मध्य सा २६१.६ कंपनांचा धरला तर त्या मेळाचा गंधार ३२७ वर येतो आणि कळफलकाचा ३२९.६ वर. दोन्ही एकदम वाजले की दर दोन सेकंदांना सुमारे पाच लाटा उठतात, आणि गाणाऱ्याचा गळा कोणाच्या मागे जावे या गोंधळात पडतो.

हा प्रश्न आपल्या भागात जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. त्यांनी आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने श्रुतींची हार्मोनियम करविण्याचा उद्योग केला. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियम आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवली, त्यामागेही हाच आक्षेप मुख्य होता: पट्टीचे स्वर ठाम असतात, त्यांना मींड येत नाही. सिंथेसायझरला या बाबतीत एक सोय आहे. पुष्कळ वाद्यांत प्रत्येक स्वर काही सेंटांनी उतरविता-चढविता येतो. गंधार १४ सेंट उतरवा आणि तंबोऱ्याबरोबर पुन्हा ऐका. मुले म्हणाली, “सर, पेटी शांत झाली.” याहून चांगली व्याख्या आम्हांला सुचली नसती.

८. घरी करून पाहण्याचा पाठ

गाणाऱ्या मुलामुलीला साथ करण्यापुरती एक रचना येथे देतो. समजा, गाणारी काळी चार हा षड्ज घेते.

प्रथम कळफलकाचे दोन भाग करावेत. डावा भाग आधारासाठी. त्यात करवती लहर घ्यावी, गाळणी तीन-चतुर्थांश बंद करावी, चढ दोन सेकंद आणि विराम तीन सेकंद ठेवावा. पातळी ४५. गाणाऱ्याच्या सा-च्या एक सप्तक खालचा सा आणि त्यावरचा पंचम एवढेच दोन स्वर दाबून ठेवावेत. पंचम वर्ज्य असलेल्या रागात मध्यम घ्यावा.

उजव्या भागात दोन थर. पहिला मुख्य: त्रिकोणी लहर, चढ अगदी थोडा, टिकाव पूर्ण आणि पातळी ८०. दुसरा टोकाचा: एक सप्तक वर, चढ शून्य, उतार अर्धा सेकंद, टिकाव शून्य, पातळी ३०. पट्टी किती जोराने दाबली हे ओळखण्याची सोय असेल तर हा दुसरा थर फक्त जोराने दाबल्यावरच बोलेल असे करावे. मग समेवर तो चमकेल आणि एरवी गप्प राहील.

आता सर्वांत अवघड भाग. गाणारी ओळ म्हणू लागली की उजवा हात उचलावा. ओळ संपली की दोन ओळींमधल्या जागेत वाजवावे. आमच्या मुलांना सगळी बटणे एका आठवड्यात आली. हात उचलणे शिकावयास तीन महिने लागले.

९. बिदरी आणि मौन

या तीन महिन्यांत मुलांना समजावून सांगताना आमच्या मदतीला आली ती आपल्याच गावची बिदरी. मुलांना घेऊन आम्ही एका कारागिराच्या कारखान्यात गेलो. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे घासून साफ करतात. मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे त्यावर कोरलेली रेघ दिसते. मग छिन्नीने नक्षी खोदून तिच्यात चांदीची तार ठोकून बसवितात आणि भांडे पुन्हा घासतात. आता भांडे पांढुरके, चांदीही पांढरी. नक्षी जवळजवळ दिसतच नाही. शेवटी किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या गरम द्रावणात ते घालतात. जस्ताचा भाग गडद काळा होतो. चांदी तशीच राहते आणि झळकू लागते.

एका मुलाने कारागिराला विचारले, “चाचा, सगळ्या भांड्यावरच चांदी बसवली तर?” ते हसून म्हणाले, “फिर बिदरी कहाँ रही बेटा? वो तो चाँदी का लोटा हुआ.” आम्ही घरी दखनी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो, बाजारात कन्नड बोलतो, पण आमच्या सहा नियमांचे सार इतक्या थोड्या शब्दांत आम्हांला कोणत्याच भाषेत सांगता आले नव्हते. नादातले मौन म्हणजे बिदरीतला काळा भाग. तो रिकामा नसतो. त्याच्यामुळेच चांदी दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. सिंथेसायझरवर ‘सनई’ असे नाव लिहिलेले बटण असते, आणि त्यामुळे मांडवात सनई-चौघड्याची गरज उरली नाही, असे काही यजमान समजतात. हा समज चुकीचा आहे. सनईवाला ओठांनी आणि फुंकेने एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जातो, प्रत्येक वेळी निराळ्या तऱ्हेने. पट्टीशेजारचे चाक फिरवून त्याची थोडीशी नक्कल साधते, एवढेच. ज्यांनी ते वाद्य वडिलांकडून घेतले आणि ज्यांचे घर त्यावर चालते, त्यांच्या जागी बटण दाबणे हा थर नव्हे. ते झाकणे होय. सभासदांच्या घरच्या कार्यात दोघांनाही जागा असावी, अशी आमची विनंती आहे.

समारोप

दुसऱ्या वर्षीच्या संमेलनात तीच मुलगी पुन्हा गाण्यास उभी राहिली. डाव्या भागातील आधार इतका मंद ठेवला होता की मागच्या रांगेला तो जाणवला असेल, ऐकू आला असेल असे वाटत नाही. वाजविणाऱ्या मुलाने प्रत्येक ओळीला उजवा हात उचलला. मधल्या जागांत चार-चार स्वर घेतले आणि समेवर दोनदा टोकाचा थर चमकला.

तिची आई याही वर्षी आली होती. कार्यक्रमानंतर ती हसत हसत पुढे झाली आणि म्हणाली, “सर, पोरगी लई चांगली गायली. आज ती पेटी लावली नव्हती का?”

वाजविणाऱ्या मुलाचे तोंड थोडे उतरले. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितले की, तुला मिळालेली याहून मोठी शाबासकी आमच्या ऐकिवात नाही.

ट्रस्टने विकत घेतलेल्या वाद्याचा खर्च कोणत्या दिवशी भरून निघाला असे कोणी विचारले, तर आम्ही त्या संध्याकाळकडे बोट दाखवू. पुढील वर्षांत अधिक मुलांचे हात या पट्ट्यांवर फिरोत आणि वेळ आली की ते उचलण्याचे शहाणपणही त्यांना लाभो, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो.